ज्याच्या त्याच्या घरातलं खरं

नळ दुरुस्त करणारा तो माणूस सगळ्या वस्तीला ठाऊक होता, पण त्याचं खरं नाव विचाराल तर लोक डोकं खाजवत बसले असते. सगळे त्याला ‘बरोबर’ म्हणत. “बरोबरला बोलवा, बेसिन तुंबलंय.” “बरोबर येऊन गेला का?” कारण काय, तर कुणाच्याही घरात पाऊल टाकल्यापासून पान्यांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडेपर्यंत त्याच्या तोंडी एकच वाक्य असे, “बरोबर आहे तुमचं.”

तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणायची, ओल खालच्यांच्या भिंतीतून चढतेय. बरोबर आहे तुमचं. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणायचे, पाणी वरच्यांच्या मोरीतून झिरपतंय. बरोबर आहे तुमचं. दोन्हीकडे चहा प्यायचा, दोन्हीकडे मान डोलवायची, आणि मग दुसऱ्या मजल्यावरचा फुटका पाइप गुपचूप बदलून घरी यायचं. भांडण मिटलं नाही तरी गळती थांबायची, आणि ह्याला दोन्ही घरांत पुन्हा बोलावणं यायचं. आता ह्याला कुणी मधाचं बोट लावणं म्हणेल, कुणी कणाच नाही म्हणेल. मला विचाराल तर दोन्ही म्हणणारे बरोबर. बघा, मलाही सवय लागली.

पण नुसती सवय होती तोवर ठीक होतं हो. तिला तत्त्वज्ञानाचं पाठबळ मिळालं तिथं घात झाला.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या इमारतीत एक प्राध्यापक राहत. जगभरच्या माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास हा त्यांचा विषय, आणि संडासाची टाकी भरतच नाही ही त्यांची अडचण. बरोबर स्टुलावर चढून टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा, आणि खाली प्राध्यापक कप हातात धरून सांगताहेत, “एका समाजात जे पाप, ते दुसऱ्यात पुण्य. खरं-खोटं, नीती-अनीती ही ज्या त्या संस्कृतीची असते. बाहेरून येऊन निवाडा करणारे आपण कोण?”

बरोबरचा हात टाकीतच राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण कच खातो. बायको तसं रोज म्हणतही होती. आणि ही तर विद्या निघाली की! म्हणजे आपण नुसते होयबा नव्हतो, आपण निवाडा करत नव्हतो.

संस्कृती हा शब्द त्याला जरा मोठा वाटला, म्हणून त्यानं तो कापून घरापुरता केला. जशी नळी कापतात तसा. ‘ज्याच्या त्याच्या घरातलं खरं’ हे त्याचं सूत्र ठरलं, आणि त्या दिवसापासून तो ते दिसेल त्याला ऐकवू लागला. किराणावाल्याला ऐकवलं, रिक्षावाल्याला ऐकवलं. बायको लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची; तिला तर ढिगातले सगळे शर्ट संपेपर्यंत ऐकवलं.

बायको म्हणाली, “असं का? मग आपल्या घरातलं खरं कोण ठरवणार?”

“तूच,” तो अर्थातच म्हणाला.

“मग मी ठरवलं, की हे सगळं थोतांड आहे.”

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला, आणि जेवायला बसला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

ह्या सूत्राला शोभेल असं एक घर वस्तीत होतं. मोठ्या आईंचं. मोठ्या आई म्हणजे त्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. लेक पन्नाशीचा, सून त्याच्या मागोमाग, आणि सगळं घर म्हाताऱ्या बाईच्या शब्दावर. त्या घराची रीत एकच होती: मोठ्या आई एकदा बोलल्या की ते खरं, आणि बोललेलं कुणी फिरवायचं नाही. एकदा कधीतरी त्या म्हणाल्या, भिंतीवरचं घड्याळ अगदी अचूक आहे. पुढे ते घड्याळ अर्धा तास पुढे पळालं, तर सगळं घर त्याच्यामागून अर्धा तास पुढे पळालं. लेक कचेरीत सगळ्यांच्या आधी जाऊन पायरीवर शिपायाची वाट बघत बसे. एकदा त्या म्हणाल्या, डावीकडचं दार अडकतं. दार फुगलं होतं तेव्हा. पुढे सुकून लोण्यासारखं सरकायला लागलं, पण घर उजवीकडूनच ये-जा करत राहिलं. आणि लेक लहानपणी आजारी असताना त्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, “ह्याला गोड आवडत नाही.” झालं! त्या दिवसापासून तो बिचारा गोड खायचं झालं की कोपऱ्यावरच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून खायचा. तोंड पुसूनच घरी यायचा.

बरोबरला ते घर फार आवडे. “तुमच्या घरात साडेनऊ ना? मग साडेनऊच,” असं म्हणून तो बाहेरच्या नऊ वाजता कामाला लागे.

त्याच घरात त्याची ताई स्वयंपाकाला होती. सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच ह्याला वाढवलं, ह्याचे गुडघे फुटले तेव्हा हळद लावली, ह्यानं शाळेला दांडी मारली तेव्हा कान पिळला. आजही त्याला ‘ठोंब्या’ म्हणायचा हक्क वस्तीत तिच्या एकटीचा होता. मोठ्या आईंच्या घराशिवाय आणखी दोन घरी ती स्वयंपाक करायची, आणि तिन्ही घरांच्या किल्ल्या तिच्या पदराला असायच्या. किल्ली बांधलेला तो पदर हीच काय ती तिची कमाई. बाकी सगळं येतं आणि खर्च होतं.

आता दाताबद्दल सांगितलं पाहिजे.

मोठ्या आईंचा वरच्या ओळीतला एक दात सोन्याचा होता. काढता-घालता येणारा. त्यांच्या यजमानांनी हौसेनं करून दिलेला. यजमान गेले, दात राहिला. झोपताना त्या तो काढून बेसिनपाशी एका छोट्या वाटीत पाण्यात ठेवायच्या, सकाळी धुऊन घालायच्या, आणि मगच दिवसाचं पहिलं वाक्य बोलायच्या. दाताशिवाय त्या कुणाशी बोलत नसत. शब्दाला वजन राहत नाही म्हणायच्या.

एका सकाळी वाटी रिकामी.

घर उलथंपालथं झालं. गाद्या झटकल्या, पायपुसणी झटकली, मांजराचं तोंड उघडून पाहिलं. नेमका त्याच वेळी बरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून उताणा पडला होता. तिथली नळी गळत होती. ताई शेगडीपाशी कांदा परतत होती. मोठ्या आई दारात येऊन उभ्या राहिल्या. दात नसल्यानं आधी तोंडाला पदर लावला होता, मग काढला. डोळे लाल झाले होते बाईंचे. यजमानांची एवढी एकच वस्तू उरली होती, रडू येणारच.

“घरातलं कुणी घेणार नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेरचं माणूस घरात एकच वावरतं. दात स्वयंपाकवाल्या बाईनं घेतला. काय रे बरोबर? बरोबर आहे ना?”

आणि ओट्याखालून, दोन पाय आणि एक पाना एवढंच दिसत होतं तिथून, आवाज आला, “बरोबर आहे तुमचं.”

ऐकलं होतं त्यानं सगळं, नीट ऐकलं होतं. पण बोलायच्या आधी विचार करायची त्या जिभेला सवयच नव्हती. दार ढकललं की उघडतं, तसं वाक्य बाहेर पडलं.

शेगडी बंद झाल्याचा टक् असा आवाज आला. मग ओट्यावर किल्ली ठेवल्याचा. बरोबर कपाटातून डोकं काढेपर्यंत कपाटाची कड कपाळाला लागली, टेंगूळ आलं, आणि ताई गेली होती. कांदा अर्धा कच्चा, अर्धा तांबूस तसाच पडला होता.

चोरीच्या बातमीला पाय नसतात, चाकं असतात. संध्याकाळपर्यंत ताईच्या दुसऱ्या घरी म्हणाले, “सध्या आम्ही बाहेरच जेवतोय हं.” तिसऱ्या घरी काही म्हणाले नाहीत, नुसतं कपाटांना कुलूप घातलं. ताईनं ते कुलूप पाहिलं, आणि तिथली किल्लीही पदरातून सोडून ठेवून आली. वस्तीत पुढे कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं, हे उघड होतं. दात सोन्याचा होता, पण गेली होती ती तिची अब्रू.

बरोबरच्या बायकोनं त्या दिवशी इस्त्री अशी काही आपटली की शेजारी विचारायला आले.

“अगं, ते त्यांच्या घरातलं खरं आहे,” बरोबर समजावू लागला. “आपल्या घरात ताई चोर नाही. त्यांच्या घरात आहे. दोन घरं, दोन खरं. त्यात निवाडा करणारे आपण...”

“हात पुढे करा,” बायको म्हणाली, इस्त्री उचलून. “ही त्यांच्या घरात गरम आहे, आपल्या घरात गार आहे. करा हात पुढे!”

त्यानं हात पाठीमागे लपवला. बायको म्हणाली, “अहो, लाज कशी वाटत नाही? जिनं तुमचं नाक पुसलं तिच्या नाकावर तुम्ही काळं फासलंत!” आणि जी रडायला लागली ती थांबेना. तेव्हा कुठं त्यानं चपला घातल्या.

तो ताईकडे गेला. दार बंद. हाका मारून मारून दाताच्या कण्या झाल्या, तेव्हा आतून आवाज आला. “त्या घरात मी चोर. तुझ्या घरात कोण?”

“तुझ्या घरात तू...” त्यानं सुरुवात केली.

“माझ्या घरात मी तुझी कुणी नाही. जा ठोंब्या.”

दार काही उघडलं नाही. मग तो प्राध्यापकांकडे गेला. तत्त्वज्ञान तिथून आणलं होतं, बिघडलं तर दुरुस्तीही तिथंच होणार, असा कारागिराचा सरळ हिशोब. सगळं ऐकून प्राध्यापकांनी डोक्याला हात लावला.

“अहो, मी समजून घ्या म्हणालो होतो, मान डोलवा म्हणालो नव्हतो! एखाद्या घरात लोक तसं का मानतात हे नीट बघायचं, घाईनं त्यांना मूर्ख ठरवायचं नाही, एवढंच. दात बाईंनी घेतला की नाही, हे काय चालीरीतीनं ठरतं? एक तर घेतला असेल, नाही तर घेतला नसेल!”

“बरोबर आहे तुमचं,” बरोबर म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली. जिना उतरताना तो पुटपुटत होता, की हे आधी टाकीत हात होता तेव्हाच सांगितलं असतं तर!

दिवस गेले. मग एका सकाळी मोठ्या आईंच्या लेकाचा निरोप आला, बेसिनमधलं पाणी उतरत नाहीये. बरोबर गेला. बेसिनखाली नळीला एक वाकडा गळा असतो. वरून पडेल ते आधी तिथं जाऊन बसतं. त्यानं खाली बादली लावली, गळा पिळून सोडवला, आणि बादलीत ओतला. केस आले, साबणाचा चिखल आला, एक बटण आलं. आणि त्या घाणीतून सोनं चमकलं.

बरोबर उकिडवा बसून बघतच राहिला. दात. मोठ्या आईंचा दात. तो कुणी चोरला नव्हता, कुणी विकला नव्हता. तो एवढे दिवस गळ्यात अडकून बसला होता.

घरात काय आनंद झाला म्हणता! दात उकळत्या पाण्यात टाकला, पुसला, मोठ्या आईंनी घातला, आरशात पाहिला, आणि डोळे टिपले. लेकानं बरोबरच्या पाठीवर थाप मारली. सगळे हसत होते. तेव्हा बरोबरनं भीत भीत विचारलं, “मग... ताईनं घेतला नव्हता म्हणायचं.”

हसणं थांबलं. लेकानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं जमिनीकडे. मोठ्या आई आरशातच बघत होत्या.

लेकानं त्याला बाजूला घेतलं आणि अगदी मायेनं समजावलं. “असं बघ, आई बोलल्या ते बोलल्या. आमच्या घरात ते फिरत नाही. पण तुझ्या बहिणीवर आमचा काही राग नाही. तिला म्हणावं, उद्यापासून ये. पगार तोच, सुट्ट्या त्याच. फक्त आमच्या घरात ती चोर आहे, तेवढं राहील. कुणी तोंडावर काही म्हणणार नाही.”

आता ह्यावर तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं ते सोडा. बरोबरला, खरं सांगतो, क्षणभर हे पटलं! काम परत मिळतंय, कुणी काही म्हणत नाहीये, त्यांचीही रीत राहतेय. बेसिनच्या गळ्याचा वॉशर कुजला होता, तो नवीन आणतो असं सांगून, काम तसंच उघडं टाकून तो थेट ताईच्या दारात गेला आणि फटीतून सगळं सांगितलं.

आत ताई हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फुटला.

“चोर म्हणून परत ये, म्हणाले? आणि तू तो निरोप घेऊन आलास? पायात चप्पल घालून, एवढं चालत, माझ्यापर्यंत आलास हे सांगायला?”

“दात सापडला ना ताई! माझ्या हातानं काढला मी.”

“मग तुला ठाऊक आहे ना मी घेतला नव्हता?”

“ठाऊक आहे.”

“मला काय सांगतोस? मलाही ठाऊक आहे. जिथं ‘बरोबर’ म्हणालास तिथं जाऊन सांग. नाही सांगता येत, तर पुन्हा ह्या दारात येऊ नकोस. कधीच.”

दुकानातून घेतलेला वॉशर खिशात घालून तो परत निघाला. चालताना तो एकच शब्द घोळवत होता. साधा दोन अक्षरी शब्द, शेंबडं पोरसुद्धा दिवसातून शंभरदा म्हणतं. पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर ह्यानं तो आजवर उच्चारला नव्हता. मोठ्या आईंच्या उंबऱ्यापाशी तो थांबला. हे घर जाणार, ह्यांच्या ओळखीची घरं जाणार, लोक म्हणणार बरोबर आता शहाणपणा शिकवतो. पाय मागे वळत होते. मग त्याला ओट्यावर ठेवलेल्या किल्लीचा आवाज आठवला.

मोठ्या आई खुर्चीत बसून सगळ्यांना दात दाखवत होत्या. बरोबर जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. पिशवी खाली ठेवली.

“मोठ्या आई, तुमचं... हे... खोटं आहे.”

सुनेच्या हातातली बशी वाजली. “काय म्हणालास?” मोठ्या आईंनी विचारलं.

“खोटं आहे,” तो म्हणाला. दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं. “माझ्या ताईनं तुमचा दात घेतला नव्हता. ह्या घरात नाही, रस्त्यावर नाही, कुठंच नाही. आणि मी त्या दिवशी खालून बरोबर म्हणालो, तेही खोटं होतं.”

“अरे, आमच्या घराची रीत...” लेक मधे पडला.

“रीत तुमची आहे साहेब, नाव तिचं आहे.” बरोबरची जीभ आता सुटली होती ती सुटलीच. “दात गळ्यात गेला तो बेसिनमधून गेला. बेसिनमध्ये पडला तो वाटीतून पडला. वाटी कुणी उलटी केली ते मला माहीत नाही. ताईनं केली असती तर ती दात घेऊन गेली असती, सोडून कशाला देईल?”

मोठ्या आईंनी सुनेकडे पाहिलं. “तू का गं अशी पांढरी पडलीस?”

सून रडकुंडीला आली. “आई, वाटी तुम्हीच उलटी केलीत. झोपेत होतात, उठलात, चूळ भरलीत आणि वाटीतलं पाणी ओतून दिलंत. मी दारातून पाहिलं. मला वाटलं दात आधी काढून घेतला असेल.”

“आणि मी बाईला चोर ठरवलं, तेव्हा गप्प का बसलीस?”

“तुमचा शब्द खाली कसा पाडायचा?”

“मेल्यांनो, पाडू नका म्हणून मी कधी सांगितलं होतं?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि गंमत अशी, की कुणालाच आठवेना. लेकाला वाटत होतं, वडिलांनी सांगितलं असेल. सुनेला वाटत होतं, लग्न होऊन आली तेव्हाच हे होतं. एवढी वर्षं पाळलेली रीत, आणि ती घातली कुणी ह्याचा पत्ता नाही.

मोठ्या आई सावकाश उठल्या. “आणखी काय काय खोटं चालू आहे ह्या घरात?”

सूनच आधी म्हणाली, “घड्याळ अर्धा तास पुढे आहे.”

“तरीच! रोज रेडिओवाले बातम्या उशिरा देतात म्हणून मी त्यांच्या नावानं बोटं मोडतेय! आणि?”

“डावं दार अडकत नाही.”

“आणि?”

लेकानं घसा खाकरला. पन्नाशीचा माणूस, पण आवाज शाळकरी पोराचा आला. “आई, मला गोड आवडतं.”

मोठ्या आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हसावं की कानाखाली वाजवावी हे त्यांनाच कळेना. “एवढी वर्षं मी माझ्याच पोराला... आणि तुम्ही सगळे मला म्हातारीला मखरात बसवून मजा बघत होतात? खरं काय ते सांगायचं एवढंही माणूस नव्हते का मी तुमचं?” त्यांचे डोळे भरले. मग त्या एकदम कडाडल्या. “माझ्या चपला कुठं आहेत?”

त्या डाव्या दारानं बाहेर पडल्या. एका बोटानं ढकललं, दार सरकलं. मागून लेक, मागून सून, मागून पिशवीवाला बरोबर. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन म्हातारी थांबली, दम खाल्ला, आणि जी काय ओरडली ती सोन्याचा दात लखलखेपर्यंत ओरडली, “ऐका हो सगळ्यांनी! दात मीच बेसिनमध्ये ओतला होता! बाईनं घेतला नव्हता! मी खोटं बोलले!”

खिडक्या उघडल्या. ‘आम्ही बाहेर जेवतो’ म्हणणाऱ्या घराचीही उघडली आणि पटकन मिटली. मोठ्या आईंनी त्या खिडकीकडे बोट करून पुन्हा एकदा ओरडून सांगितलं.

ताईचं दार उघडलं. ती काही पाया पडली नाही, की गळ्यात पडली नाही. म्हाताऱ्या बाईला धाप लागलेली पाहून तिनं आत नेलं, बसवलं, पाणी दिलं.

“चुकले गं मी,” मोठ्या आई म्हणाल्या. “उद्यापासून येशील?”

ताईनं पाण्याचं भांडं परत घेतलं. “किती वाजता? तुमच्या घड्याळानं की लोकांच्या?”

“लोकांच्या,” मोठ्या आई म्हणाल्या, आणि दोघी पहिल्यांदा हसल्या. सुनेनं किल्ली आणली होती, ती ताईनं पदराला बांधली.

ती मंडळी गेली. बरोबर मात्र अजून पायरीखालीच उभा होता. कपाळावरचं टेंगूळ केव्हाच ओसरलं होतं, तरी तो ते चोळत होता.

“आत ये ठोंब्या,” ताई म्हणाली. तो येऊन भिंतीला टेकून बसला. ती समोर बसली. “एक विचारते. खरं सांगशील?”

त्यानं मान हलवली.

“त्या दिवशी ओट्याखाली डोकं होतं तुझं. त्या क्षणी तुला वाटलं का रे, की मी घेतला असेल?”

“नाही ताई. एक क्षणभरसुद्धा नाही.”

“माहीत होतं तुला.”

“माहीत होतं.”

“तेच लागलं रे मला,” ताई म्हणाली. “तुला मी चोर वाटले असते ना, तर मी रडले असते, भांडले असते, तुला पटवून दिलं असतं. पण तुला सगळं माहीत होतं. आणि तरी म्हणालास.”

लहानपणी कान पिळल्यावर रडायचा तसा बरोबर रडला, आणि तिनं रडू दिलं. मग ती उठली, पदरानं त्याचं नाक पुसलं, आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, “आता बसून काय राहिलास? जगाचे नळ दुरुस्त करत फिरतोस आणि माझ्या मोरीतला कधीचा ठिबकतोय. वॉशर गेलाय बहुतेक त्याचा.”

त्यानं मोरीत जाऊन नळाला पाना लावला. “ब...” असं त्याच्या तोंडातून निघालंही, पण ते तिथंच थांबलं. त्यानं नळ खोलून उजेडात धरला, नीट पाहिला.

“नाही ताई. वॉशर चांगला आहे. मागच्या वेळी मीच नळ तिरपा बसवला होता.”

“मग आता सरळ बसव,” ताई आतून म्हणाली, आणि त्यानं बसवायला घेतला.